कॅम्पातला पियानो आणि माझी पेटी

माझ्या धाकट्या जावेचं, कुसुमचं, मूल गेलं आणि तिचं बोलणं थांबलं, तेव्हा तिला पुन्हा माणसांत आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात मी थोरली, शिवाय माझ्या हाताशी पेटी होती. अंबरनाथच्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी मीच वाजवायची, आणि माझ्या भजनाने भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं असं लोक म्हणत. लोक म्हणत ते मी खरं मानत असे. त्यामुळे मला वाटलं, देवाचं नाव, माझी पेटी आणि थोडे दिवस, एवढ्यावर पोरगी उठून बसेल. पण महिने उलटले तरी कुसुम होती तशीच राहिली. मग माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. ती माझ्या पेटीबद्दल यायला हवी होती, पण आली देवाबद्दल. इतकी वर्षं ज्याला आळवलं त्याला ऐकू तरी येतं का, असं मी स्वतःशी म्हणू लागले.

आम्ही तेव्हा चाळीत शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहत होतो. माझे यजमान आणि भाऊजी, दोघेही काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. सासूबाई बदलापूर गावातल्या घरी, भातशेतीपाशी. मला मूल नव्हतं. कुसुमला बाबू झाला, आणि दोन खोल्यांमधल्या दाराची कडी आम्ही लावायचीच सोडून दिली. नुकता भिंत धरून चालायला लागला होता, तापाचं निमित्त झालं आणि गेला. लहान मुलाचं सुतक ते कितीसं. ते फिटलं, पुरुष कामावर गेले, आणि कुसुम खिडकीपाशी बसली ती बसलीच. सांगितलं तर भांडी घासायची, नाही सांगितलं तर तिथेच बसून राहायची. ताटात वाढलेलं ताटातच सुकायचं. भाऊजी बिचारे कधी तिच्यावर ओरडायचे, कधी तिच्यासाठी गजरा आणायचे, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच व्हायचा.

मी रोज दिवेलागणीला पेटी घेऊन तिच्याजवळ बसायला लागले. गाणी अगदी तिच्या आवडीची निवडली. लग्न होऊन आली तेव्हापासून कुसुमला बाळकृष्णाची पदं फार आवडायची. गोकुळाष्टमीला आमचं मंडळ देवाचा पाळणा हलवायचं, तेव्हा दोरी कौतुकाने तिच्या हाती द्यायचं. म्हणून मी तीच पदं घेतली. रांगणारा कृष्ण, रुसलेला कृष्ण, रामजन्माचा पाळणा. तिला आवडतं तेच देते आहे, यात काही चुकतंय असं मलाच काय, चाळीतल्या एकाही बाईला वाटलं नाही. उलट त्या दारात येऊन टाळ धरायच्या. कुसुम भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि मी समजायचे, ऐकते आहे.

एका दुपारी तिला जरा हवापालट म्हणून मी कॅम्पात घेऊन गेले. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवीन होतं, आमच्या तोंडी कॅम्पच होता. लष्कराने सोडलेल्या लांबलचक बराकी, आणि त्यांत सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं. पण काय चिकाटीची! एकेका खोलीत गोणपाटाचे पडदे लावून चार संसार, आणि बाहेर खाटेवर पापड वाळत घातलेले, कापडाचे तुकडे मांडलेले, मिठाई तळायला घेतलेली. आमच्याकडच्या बायका कापडासाठी चालतच तिकडे जायच्या. मी परकराचं कापड घेतलं, कांदे घेतले आणि परत फिरले, तर कुसुम मागे नाही. वळून पाहिलं. ती एका बराकीच्या पायरीपाशी उभी होती. आतून कसलासा आवाज येत होता, घंटेसारखा म्हणावा तर घंटा नव्हे, आणि सतारीसारखा म्हणावा तर त्याहून भरदार. मी हाक मारली. ती हलली नाही. मग ती पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "वहिनी, हे काय वाजतंय?"

इतक्या महिन्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मी नारळ फोडायला हवा होता. पण खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस मी कंठ फोडून गात होते तेव्हा हिने मान वळवली नाही, आणि कुठल्या कोण परक्या बाईच्या वाजवण्यासाठी ही रस्त्यात बसकण मारते! हातात कांद्यांची पिशवी घेऊन मी तशीच उभी राहिले.

ती बराक म्हणजे निर्वासितांच्या मुलांची शाळा होती. छावणी असताना तिथे साहेबांचं जेवणघर असावं. साहेब गेले, जाताना त्यांनी बरंच काही नेलं, पण भिंतीला लावलेला हा पियानो राहून गेला. शाळेतल्या शिक्षिका कराचीच्या. चाळिशीच्या आसपासच्या, पांढरं पातळ, कोपरापर्यंत बाह्या, डोळ्यांवर चष्मा. मुलं त्यांना दादी म्हणत. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, हे मला मागाहून कळलं. लहानपणी त्या गोऱ्या मडमांकडून पियानो शिकल्या होत्या. शाळा सुटली की घरी जायच्या आधी थोडा वेळ वाजवत बसायच्या. कुसुमला पाहून त्यांनी आत बोलावलं, आणि हे कोणाचं गाणं म्हणून मी जरा आवाज चढवूनच विचारलं तेव्हा हसून म्हणाल्या, "कागज़ तो सब उधर रह गए, बहन. जो याद है वो बजाती हूँ. जो भूल गई, उसकी जगह नया बना लेती हूँ. ये सब यहीं कॅम्प में बना है."

तेव्हापासून कुसुम रोज जायला लागली. दुपारची कामं पटापट उरकायची, पदर सारखा करायची आणि निघायची. चार दिवसांनी तिने परतल्यावर भाकरी मागून घेतली. मग एकदा केस विंचरून वेणी घातली. भाऊजींच्या चेहऱ्यावर रंग आला. यजमान म्हणाले, "देवाने ऐकलं तुझं." मी हो म्हटलं आणि फणकाऱ्याने पोळी तव्यावर टाकली. कुठे ऐकलं माझं? देवाने ऐकलं असलं तर त्या दादीचं. मला तर त्या बाईचं सगळंच खुपायला लागलं. तिचं ते पांढरं पातळ खुपायचं, चष्मा खुपायचा, बाकावर ताठ बसणं खुपायचं. वाद्याला पाय लावते म्हणून मी चाळीत नाक मुरडलं. पियानोखाली पितळेची पावलं असतात, ती पायाने दाबायची असतात. आता, नाटकातल्या ऑर्गनलाही पाय लागतो, आणि तो ऐकायला मीच पुढच्या रांगेत जाऊन बसलेली आहे. पण मत्सराला असल्या गोष्टी बरोबर वेळेवर आठवत नाहीत.

शेवटी मी एक केलं. कुसुमच्या मागोमाग जाऊन बाहेरून ती चाल ऐकली, आणि घरी येऊन पेटीवर बसवली. माझा कान तयार आहे, सूर चुकला नाही. दिवेलागणीला कुसुमसमोर वाजवली. मनात म्हटलं, घे, तुझ्या दादीचं गाणं घरबसल्या. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान वाजवलंत." पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाली. माझंही मला कळत होतं की ते ते नव्हे. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर धरून ठेवता येतो, आणि मी तर धरून ठेवण्यात पटाईत. त्या वाद्याचा सूर वाजला की लगेच विरायला लागतो. थांब म्हटलं तरी थांबत नाही. आता हे मी शांतपणे लिहिते आहे, पण त्या संध्याकाळी पेटीचं झाकण मी इतक्या जोरात लावलं की शेजारची मंडळी डोकावली.

आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. "माझं भजन तुला पुरलं नाही का गं? देवाचं नाव आहे त्यात. तिच्या वाजवण्यात ना शब्द, ना देव. काय मिळतं तुला तिथे?"

कुसुम माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, तुमच्या प्रत्येक गाण्यात बाळ आहे. कुणी रांगतंय, कुणी लोणी मागतंय, कुणाला पाळण्यात निजवताहेत. तिच्या वाजवण्यात कुणाचंच बाळ नाही."

मी उठून चुलीपाशी गेले. माझी चूक मला कळली होती, चांगलीच कळली होती. पण कुणाला वाटेल की मग माझा हेवा सरला, तर तसं झालं नाही. उलट वाढला. मी रोज हिच्या जखमेवर बोट ठेवत होते, आणि जिला आमची भाषासुद्धा येत नाही तिला हिची जखम न विचारता कळली! आपलं चुकलं आणि दुसऱ्याचं बरोबर निघालं, की त्या दुसऱ्याचा राग जास्त येतो.

अशातच चाळीत कुजबुज सुरू झाली. घरंदाज बाई रोज कॅम्पात जाऊन बसते, देवाचं सोडून गोऱ्यांचा बाजा ऐकते. ती कुजबुज भाऊजींच्या कानावर गेली. साधा माणूस, बायको बरी होते आहे हे दिसत असूनही गडबडला. मला म्हणाला, "वहिनी, तिला थोडे दिवस माहेरी पाठवतो. तिचा भाऊ न्यायला येईल. पण तुम्ही थोरल्या. तुम्ही सांगाल तसं." म्हणजे माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं. पाठवा म्हटलं की पियानो सुटला, दादी सुटली. कुसुमही सुटली, हे दिसत होतं. माहेरी तिच्या तिघी बहिणींची मुलं अंगणात खेळत होती, तिथे ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली असती. सगळं दिसत असून माझी जीभ पाठवा म्हणायला शिवशिवत होती. उद्या सांगते, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी नेमाप्रमाणे महादेवाच्या देवळात गेले. आमचं अंबरनाथचं देऊळ ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे, तिथे देव वर नाही, पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. गार काळोख, बेलाचा वास. मी पिंडीला हात लावला आणि प्रार्थना केली, "तिला बरी कर. पण माझ्या हातून कर." बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. देवाच्या दारात उभी राहून मी देवालाच अट घालत होते. लाज वाटली, पण शब्द काही परत घेतले नाहीत. मनापासून तेच हवं होतं, देवासमोर खोटं कशाला बोलू? वर आले, चपला घातल्या, आणि पाय घराकडे न वळता कॅम्पाकडे वळले. काय करायला चालले होते हे मलाही नीट माहीत नव्हतं. बहुतेक दादीला चार शब्द सुनवायचे होते. फारच झालं तर कुसुमला हाताला धरून आणायचं होतं.

शाळा सुटली होती. बराकीत बाकांच्या रांगा रिकाम्या, एका बाकावर कुसुम, आणि भिंतीपाशी दादी पाठमोऱ्या वाजवत बसलेल्या. मी दारातच उभी राहिले. संपलं की बोलू, असं ठरवलं. डाव्या हातात खालचे दोन-तीन सूर पुन्हा पुन्हा येत होते, जात्याची फेरी यावी तसे, आणि त्यावर उजव्या हाताचं एकेक बोट हलकेच काहीतरी म्हणत होतं. तो पियानो इतकी वर्षं दमट हवेत पडलेला, त्याच्या काही पट्ट्या मेलेल्या होत्या. बाहेरून ऐकताना हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दादी त्या पट्ट्या चुकवत नव्हत्या. चालीत जिथे तो सूर यायचा तिथे बोट जायचंच, आणि सुराऐवजी नुसता लाकडाचा आवाज यायचा. टक. पुन्हा थोडे सूर, पुन्हा टक.

तो आवाज मला ओळखीचा होता. बाबू माझ्या मांडीत बसून पेटीच्या पट्ट्या दाबायचा. सकाळी कुसुम दमून झोपलेली असायची, तिची झोप मोडू नये म्हणून मी भाता हलवत नसे. त्यामुळे सूर यायचा नाही, नुसतं टक टक. तो पट्टी दाबायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा, वाजलं का म्हणून. मी म्हणायचे, वाजलं रे माझ्या राजा, छान वाजलं.

मग मला काही आवरलं नाही. दाराची चौकट धरून मी खाली बसले आणि रडले. बाबू गेला त्या दिवशी मी रडले नव्हते. मी पाणी तापवत होते, आल्यागेल्याचं बघत होते, कुसुमला धरून बसले होते. समाचाराला आलेल्या बायका तिला पोटाशी धरायच्या आणि मला विचारायच्या, चहाची पूड कुठे ठेवलीय. त्यांचं तरी काय चुकलं? आई ती होती. मी काकू. काकूचं दुःख कुठे मांडायचं याची आपल्याकडे रीतच नाही, आणि मीही ते कुठे मांडलं नव्हतं. पेटीचा सूर धरून ठेवावा तसं ते धरून बसले होते. आणि इथे तर सूर वाजायचा आणि जायचा, वाजायचा आणि जायचा, कुणी त्याला अडवत नव्हतं.

दादी वाजवायच्या थांबल्या. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुसुमकडे. हळूच विचारलं, "इनका कौन गया?"

मी डोळे पुसून सांगणार होते की माझं कुणी नाही, तिचा मुलगा गेलाय. पण माझ्या आधी कुसुम उठली. तिची हिंदी बाजारातली, मोडकीतोडकी. ती माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दादीला म्हणाली, "बाबू इनकाच था. मैंने तो खाली जनम दिया."

दादींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि तीच चाल पहिल्यापासून सुरू केली. जिला चार शब्द सुनवायला मी आले होते, तिच्या दारात आम्ही दोघी जावा एकमेकींना धरून बसलो. त्यात देवाचं नाव नव्हतं, टाळ नव्हते, आरती नव्हती. पण गाभाऱ्यात जशी माझी मान खाली जाते तशी ती तिथे गेली, एवढं मला माहीत आहे. याहून जास्त मी त्याचं काही सांगू शकत नाही, आणि कुणी याला योगायोग म्हटलं तर मी भांडणार नाही.

त्या संध्याकाळी मी भाऊजींना सांगितलं, कुसुम कुठेही जाणार नाही, आणि दुपारी आम्ही दोघी कॅम्पात जाणार आहोत, चाळीला काय बोलायचं ते बोलू दे. नंतर बरीच वर्षं आम्ही जात राहिलो. पुढे ती शाळा दुसरीकडे गेली, दादीही त्यांच्या भावाकडे पुण्याला गेल्या, पियानोचं काय झालं कळलं नाही. माझा हेवेखोर स्वभाव पूर्ण गेला असं म्हणवत नाही. आजही मंडळात दुसऱ्या कुणी बरी पेटी वाजवली की मी आधी तिच्या चुका मोजते. पण दादीची आठवण आली की आपोआप हात जोडले जातात. देवाने कुणाला कोणाच्या हातून काय द्यावं, हे त्याच्यावर सोडून द्यायला मी त्या बराकीत शिकले. फार उशिरा आणि फार चिडचिड करून शिकले, पण शिकले.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या सोमवारी कॅम्पातून परत येताना आम्ही दोघी चालत होतो. अंबरनाथची वस्ती जवळ आली तेव्हा कुसुम थबकली. बाबूचं नाव घरात कुणी काढत नव्हतं, मीही काढत नव्हते, तिला त्रास होईल म्हणून. ती म्हणाली, "वहिनी, सकाळी मी झोपलेली असायचे, तेव्हा तो तुमच्याकडे असायचा. काय काय करायचा तो? मला काहीच माहीत नाही. मला सांगाल?"

हे तिला देणारं जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. रस्त्याच्या कडेला एका दगडावर आम्ही बसलो, आणि मी सांगायला सुरुवात केली.